धाकट्या डहाणूची मँटलं

१२ ऑक्टोबर १९६०, बुधवार

बेजनशेठनी ही वही दिली. पुढच्या पानांवर कामाचं लिहायचं: किती नळ्या विणल्या, किती धुतल्या, दवेत किती वेळ ठेवल्या. मागच्या पानांचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून हे वही उलटी करून लिहिते.

मी देवकी, राहणार धाकटी डहाणू. मराठी सातवी फायनल पास. आमच्या गावात फायनल झालेली बाई मी एकटीच, म्हणून शेठनी मला मुकादम केलं. शेजारची ठकी आतापासूनच 'मुकादमीणबाई, मुकादमीणबाई' करून पिडते. करू दे. तिला काहीतरी लागतंच.

काम असं. गॅसबत्तीच्या काचेत जाळीचं बोंडकं असतं ना, पेटल्यावर पांढराफेक उजेड देतं ते, त्याला मँटल म्हणतात. सुताची जाळीदार नळी विणून, दवेत बुडवून ते आम्ही बनवणार. पूर्वी ही मँटलं विलायतेहून येत. सरकारने बाहेरचा माल कमी केला आणि बाजारात मँटल मिळेना. बेजनशेठ पारशी, त्यांची डहाणूला चिकूची वाडी आहे, तिथे त्यांनी शेड घातली. जाळी विणलेली बोटं हवीत म्हणून आमच्या गावात आले. आम्ही अकरा बायका झालो. अकराही घरी बोटीचं काही ना काही बिघडलेलं आहे, नाहीतर जाळं सोडून शेडीत कोण जातंय.

आय म्हणाली, "जा गो. घरात बसून भिंत बघतेस, त्यापरीस बरं." आय म्हणजे माझी सासू, बुधीबाई. मी भिंत बघते हे मला माहीत नव्हतं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

शेठनी आज नियम सांगितले. हात तीनदा धुवायचे, तेही बाटलीतल्या पाण्याने. मासळीची पाटी शेडीत आणायची नाही. मासळीच्या हाताने नळीला शिवायचं नाही. शेड दर्यापासून लांब वाडीत का घातली, तर म्हणे हवा चांगली.

ठकी बाहेर आल्यावर फणफणली. "सोता पापलेट चापतो नि आमच्या हाताला वास येतो म्हन्तो!" सगळ्या हसल्या. मीही हसले बहुतेक.

दवा अजून आलेली नाही. दवा म्हणजे ज्या पाण्यात नळी बुडवायची ते. शेठ सांगत होते, दक्षिणेकडे त्रावणकोरच्या किनाऱ्याला एक जड वाळू आहे. तिच्यातून सरकारी कारखान्यात दुर्मिळ माती काढतात. आमच्या दवेत नव्याण्णव भाग थोरियम आणि एक भाग सेरियम. "तो एक भाग नसला ना बाय, तर उजेडच नाही," म्हणाले. सेरियम सिगारेटच्या लायटरच्या खड्यात लागतं, चष्म्याची काच घासायला लागतं, तसलंच काहीतरी सिनेमाच्या मशीनच्या कार्बनमध्येही घालतात. थोरियम तर सरकार स्वतःच्या कामाला राखून ठेवतं. मागणारे शंभर आणि देणारा एक. आपल्याला परमिटवर तीन महिन्यांनी एक ड्रम मिळणार.

वाळू तर आमच्याकडेही काळी आहे. दुपारी मी ओटीत मूठभर नेऊन दाखवली. शेठनी खिशातला लोहचुंबक फिरवला, सगळी त्याला चिकटली. "आ तो लोखंड छे," म्हणाले. बरं. लोखंड तर लोखंड.

आमटीत मीठ नाही म्हणून आय ओरडली. मला खाताना कळलं नव्हतं.

२३ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. आमच्याकडे यंदा काही नव्हतं.

नवऱ्याचं नाव बाईने घेऊ नये, पण वहीला कोण विचारतंय. नारू. वैशाखात गेला. बोटीवर तो आणि त्याचा चुलतभाऊ देवजी, दोघंच होते. अंधार पडल्यावर वारा फिरला आणि बोट नरपडच्या खडकांवर गेली. देवजी पोहून आला. नारू तिसऱ्या दिवशी बोर्डीला सापडला.

खाडीच्या तोंडाशी एक खांब आहे. ज्या घरची बोट बाहेर असेल त्या घरच्या बाईने तिन्हीसांजेला त्यावर गॅसबत्ती टांगायची. त्या उजेडावर बोट खाडीत शिरते. आमचं गाव म्हणतं, देवकीला झोप लागली, दिवा विझला, म्हणून बोट पुढे गेली. मला तोंडावर कुणी बोलत नाही. पण त्यानंतर खांबाच्या दिव्याला हात लावू देत नाहीत. बाजूच्या बोटीची नवशी परवा माझ्या हातातून घासलेटचा डबाच काढून घेऊन गेली, "ऱ्हाऊ दे गो, मी करते" म्हणून.

दिवा विझला नव्हता. मी उजाडेपर्यंत खांबाखाली बसले होते. तीनदा हवा भरली.

मला एकच हवं आहे. देवजीने चार माणसांत सांगावं की दिवा दिसत होता. तो बोटीवर होता, त्याने पाहिला असणारच. पण सहा महिने झाले, तो त्या दिवसाबद्दल तोंड उघडत नाही. मी दिसले की वाट बदलतो. आता त्याने दर्या सोडला आणि शेठकडेच बैलगाडी हाकायला लागला. रोज शेडीत येतो. रोज खाली मान घालून जातो.

मी आज त्याला अडवलं. म्हटलं, "भावजी, दिवा दिसत होता का नव्हता? एवढंच सांगा."

"वयनी, मेलेल्या मानसाला दोस नको," म्हणाला आणि बैल वळवले.

मेलेल्या माणसाला कोण दोष देतंय? दोष तर मी खातेय.

३ नोव्हेंबर, गुरुवार

तलासरीचा एक दुकानदार शेडीत आला होता. तुळशीचं लग्न झालं की लग्नं सुरू. पाड्यापाड्यात गॅसबत्ती भाड्याने जाते, आणि मँटल फुटलं की वरात अंधारात. म्हणाला, मिळतील तितकी द्या. वाणगावचा एक जण कालच तेच बोलून गेला. शेठ खूष. डहाणूत विजेचे खांब यायला लागले तरी तलासरीला यायला दहा-वीस वर्षं जातील, तोवर आपली मँटलं चालणार, असा त्यांचा हिशेब. पहिली खेप चांगली उतरली तर अकराच्या तीस बायका करीन म्हणाले. नाही उतरली तर शेडीत चिकू भरीन.

बायका हे ऐकून कामाला जास्त जोर लावतात. वेणूला घरी चार तोंडं आहेत. तिने आज जेवायला हातच धुतले नाहीत, नळी विणत राहिली.

विणताना मला बरं असतं. काही वाटत नाही. सुख नाही, दुःख नाही, बोटं चालतात.

मँटलाची एक गंमत आहे. पहिल्यांदा पेटवलं की कापड जळून जातं आणि राखेची जाळी उरते. उजेड देते ती राख. बोट लागलं तर भुगा. म्हणून नारू मला कधी मँटल बसवू देत नसे. "तुझा हात जड," म्हणायचा. मोसमाच्या सुरुवातीला तो एक बसवायचा आणि ते पावसाळ्यापर्यंत टिकायचं. नेमकं त्या दिवशी सकाळी कावळ्याने काच पाडली आणि आतलं मँटल गेलं. नारू बोटीवर निघून गेला होता. डब्यात एक नवं होतं. मीच बसवलं, पहिल्यांदाच. सगळं रीतीप्रमाणे केलं. नवा दोर असो, नवं जाळं असो, वल्हं असो, आमच्याकडे आधी दर्याला दाखवतात, म्हणजे त्याच्या पाण्यात बुडवून घेतात, तसं तेही दाखवलं. चुलीजवळ सुकवलं. मग बसवलं. मँटल फुटलं नाही. जरा पिवळट लागलं, घासलेट वाईट असेल. पण लागलं. पहाटेपर्यंत लागलेलं होतं.

हे पुन्हा पुन्हा लिहायला नको.

९ नोव्हेंबर, बुधवार

ड्रम आला. देवजीने स्टेशनातून गाडीत घालून आणला. एवढुसा आहे. ह्याच्यासाठी तीन महिने! शेठनी मापून मोठ्या चिनी मातीच्या कोठीत दवा तयार केली आणि वर झाकण ठेवलं. मग नळ्या किती वेळ बुडवायच्या ते मला लिहून दिलं आणि मुंबईला गेले. तिथले व्यापारी धरायचे आहेत. बुधवारी येतील, पहिली मँटलं तेव्हा पेटवून बघायची.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पहिल्यांदा नळ्या दवेत गेल्या.

आय सकाळीच माझ्याबरोबर आली. डोक्यावर पदर, हातात नारळ आणि तांब्या. तांब्यात दर्याचं पाणी. बायका गोळा झाल्या. आय म्हणाली, "कोली बायकांचं नवीन काम हाय, तर दर्याचा वाटा दर्याला." नारळ फोडला आणि तांब्याभर पाणी कोठीत ओतलं. कोठी तर दर्यावर नेता येत नाही, म्हणून दर्याच कोठीकडे. सगळ्यांना बरं वाटलं. वेणूने कोठीला हळद लावली. शेठ म्हणाले होते बाहेरचं काही पडू देऊ नका, धूळ, केस, माशी. पण हे काही धूळ नव्हे.

आयने जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. वैशाखापासून प्रथम. मला काही वाटायला हवं होतं का?

सगळ्या नळ्या बुडवल्या. कोठीत आता तळाशी थोडीच दवा उरली आहे.

१२ नोव्हेंबर, शनिवार

नळ्या सुकत आहेत. मुंग्या नाहीत, धूळ नाही. आमटी खारट झाली म्हणे.

१६ नोव्हेंबर, बुधवार

लिहायचं म्हणून लिहिते.

शेठ पाचच्या सुमारास आले. पहिलं मँटल बघायला आयही आली होती. खिडक्या लावून घेतल्या, बत्ती टांगली, आमचं मँटल बांधलं, पेटवलं. कापड जळलं, राख झाली, हवा भरली. आणि उजेड पिवळा. मरतुकडा, दिवेलागणीच्या चिमणीसारखा. दुसरं बांधलं. पिवळं. पाचवं तर हवा भरता भरता एका बाजूने बसलं आणि भोक पडलं.

शेठ म्हणाले, "साला, आ सू थयू? कोठीत काय घातलं तुम्ही लोकांनी?"

मी तोंड उघडायच्या आत आयच पुढे झाली. चांगली ताठ उभी राहून म्हणाली, "मी घातलं. दर्याचं पानी. तुमची शेड चालावी म्हनून."

शेठ मटकन खुर्चीवर बसले. रागावले असते तर बरं. हळू आवाजात आयला समजावत राहिले. "माय, मीठ! मीठ मँटलचा दुश्मन. म्हणून तर मी दर्यापासून पळून शेड इथे घातली. म्हणून तर मासळीचा हात नको म्हटलं, तुम्हाला वाटलं वास येतो म्हणून. मीठ आत गेलं की उजेड पिवळा आणि राख कच्ची. तयार मँटल जरी कोणी दर्याच्या पाण्यात बुडवलं ना, तरी हेच. दवा धुऊन जाते आणि वर मीठ बसते. आता जानेवारीच्या शेवटाला नवा ड्रम. तोपर्यंत शेड बंद."

वेणू रडायला लागली. बाकीच्या उठून निघाल्या. आय सगळ्यांत शेवटी गेली, रिकामा तांब्या विसरून. मी बत्ती उतरवायला थांबले. मी त्या पिवळ्या उजेडाकडे बघत होते. हा उजेड मी पाहिला होता.

देवजी घासलेटचा डबा घेऊन आत आला. बत्तीकडे बघितलं आणि डबा हातातून सुटला. घासलेट सगळीकडे. मी ओरडले, "भावजी, बत्ती जळतेय!" त्याला ऐकूच गेलं नाही.

"ह्योच," म्हणाला. "वयनी, ह्योच दिवा."

मी बत्ती बंद केली. मग अंधारातच तो बोलला. त्या दिवशी वारा सुटला तेव्हा त्यांना किनाऱ्यावर एक दिवा दिसला. पिवळा. देवजी म्हणाला, वळव, आपली खाडी आली. नारू म्हणाला, "आपली कशी? देवकीचा दिवा पांढरा असतो. हा कुणा दुसऱ्याचा. आपला पुढे दिसंल." देवजी दोनदा बोलला. नारू हसला. "माझ्या बायकोचा दिवा मला कळत नाय?" आणि सुकाणू सोडलं नाही.

"तो चुकला, वयनी. कसा सांगू गावात? मेलेल्याला कसा दोस देऊ? म्हनून गप ऱ्हायलो."

तो चुकला नव्हता. दिवाच चुकीचा होता.

देवजी रडत होता. म्हणाला, "उद्या चार मानसांत बोलतो, दिवा होता म्हनून. तुमच्यावर उगाच आळ."

सहा महिने मी एवढंच मागत होते. मी म्हटलं, "नको भावजी. कुणाला सांगायचं नाही. आयला तर मुळीच नाही. तुम्हाला नारूची शपथ." त्याला काही कळलं नाही, पण शपथ घेतली.

मग आम्ही दोघांनी माती टाकून घासलेट पुसलं.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

काही नाही.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

आय दोन दिवस जेवली नाही. दारात बसून दर्याकडे बघते. आज दुपारी मी भात वाढला, तेव्हा हळूच म्हणाली, "देवके, तो पारशी बोलला ना, तयार मँटल दर्यात बुडवलं तरी पिवळं होतं?"

"बोलला."

"त्या दिवशी तू नवं मँटल काढलंस. मी तुला बोलले होते काय गो, आधी दर्याला दाखव म्हनून?"

बोलली होती. मी चुलीपाशी डबा उघडत होते, ती ह्याच दारात जाळं सांधत होती. मान वर न करता म्हणाली, नवं हाय ना, मग आधी दर्याला दाखव. मी गेले, गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि बुडवलं. आजही पाण्याचा गारठा पायाला आठवतो.

मी तिच्याकडे बघितलं. सत्तरी उलटलेली. एकच मुलगा होता.

"नाही आय. तू काही बोलली नव्हतीस."

"मग तू सोताहून दाखवलंस?"

"नाही दाखवलं. घाईत विसरले. दिवा चांगला पांढरा लागला होता."

"मग माझा नारू का पुढं गेला?"

म्हटलं, "मला झोप लागली, आय. दिवा विझला. गाव म्हणतं ते खरं आहे."

ती उठली. एवढी वाकलेली बाई, पण उठली, आणि माझ्या कानाखाली अशी वाजवली की ताट उपडं झालं. भात सगळीकडे. "रांडे, सा महिने खोटं बोललीस!" म्हणाली. मग खाली बसून ओक्साबोक्शी रडली. मोकळी रडली. नारू गेल्यापासून तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं.

माझा गाल जळत होता. वैशाखापासून मला पहिल्यांदा काहीतरी लागलं. मी भात गोळा करत होते आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेचना. ओठावर आलं तेव्हा खारट लागलं. रात्री आय जेवली. माझ्याशी बोलली नाही, पण जेवली.

२ फेब्रुवारी १९६१, गुरुवार

नवा ड्रम आला. शेडीत फिरून अकराच बायका, तीस नाहीत. शेठनी चिकू भरले नाहीत हेच खूप. ते म्हणाले, तलासरीचा माणूस तीनदा विचारून गेला, मागणी आहे तोवर सोडणार नाही.

आयने गावात सांगितलं, सुनेनं कबूल केलं म्हणून. नवशी आता पाणवठ्यावर माझ्या बाजूला हंडा ठेवत नाही. देवजी सगळं ऐकतो आणि माझ्याकडे बघतो. मी नको म्हणून मान हलवते. आय माझ्याशी कामापुरतं बोलते. कालवणात मीठ आहे की नाही ते मात्र आता मला कळतं.

आज दवा झाली. कोठीला मी स्वतः कुलूप लावलं. किल्ली कमरेला. पहिलं मँटल पेटवलं तेव्हा ठकी "आई गं" करून डोळ्यांवर हात घेऊन ओरडली. एवढं पांढरं. भिंतीवरची पाल दिसली, वेणूच्या पदराचं ठिगळ दिसलं. मी बघत राहिले. असा असतो माझा दिवा.

संध्याकाळी शेठ पाकिटाचा नमुना घेऊन बसले. वर उगवत्या सूर्याचं चित्र, खाली 'उत्तम, टिकाऊ, पांढरा उजेड'. विचारलं, "मुकादम, कसं वाटते?"

म्हटलं, "अजून एक ओळ छापा. 'वापरण्याआधी पाण्यात बुडवू नये.' मोठ्या अक्षरात. गुजरातीतही."

ते हसले. "बाय, मँटल पाण्यात कोण बुडवते?"

म्हटलं, "आम्ही."